एकशे चौतीस साखळ्या

९ जानेवारी

दिवसभर दुसऱ्यांची प्रुफं तपासायची आणि घरी येऊन स्वतःचं एक अक्षर लिहायचं नाही, हे बरं नव्हे. म्हणून ही वही. आज लिहिण्यासारखं घडलंही आहे.

दुपारी प्रुफांचा गठ्ठा घेऊन प्रकाशकांच्या खोलीत गेले तेव्हा ते फोनवर कुणाची तरी मनधरणी करत होते. "अहो बाई, एक ओळ आहे म्हणून काय झालं? आपण सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं!" पलीकडून फोन ठेवला गेला. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

इतिहासाने विसरलेल्या सहा साहसी स्त्रियांवर सहा कादंबऱ्या, अशी त्यांची मालिका निघते आहे. पाच तयार आहेत. सहावी लिहायला बसलेल्या लेखिकेने आज नाही म्हटलं, कारण तिच्या नायिकेबद्दल सगळ्या इतिहासात मिळून एकच वाक्य आहे. डोंगराच्या पहिल्या मोजणीच्या अहवालातलं ते वाक्य प्रकाशकांनी मला वाचून दाखवलं: 'खिंड दृष्टीस पडताच साखळीचे टोक धरणाऱ्या स्वयंपाकीण बाईचा धीर सुटला व ती माघारी तळाकडे पळाली, प्रमुख मोजणीदारांनी एकट्याने पुढे जाऊन खिंड मोजली.'

"पळाली तर पळाली," प्रकाशक म्हणाले, "पण तिथवर गेली तरी होती की! तिच्याआधी तेवढं वर कोणती बाई गेली होती? जमीन मोजायची साखळी धरायची, म्हणून मोजणीच्या टोळीत तिला नुसतं साखळीवाली म्हणायचे. पण लिहिणार कोण?"

"मी लिहू?" हे मीच म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"तू स्वल्पविराम लाव."

पण मी तिथून हलले नाही. शेवटी ते म्हणाले, "दोन महिने देतो. आणि एक लक्षात ठेव, वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे."

घरी सांगितलं तेव्हा बाबा हातांवरचा रंग रॉकेलने पुसत होते. ते घरं रंगवतात. त्यांच्या भुवईवर कायम कुठल्यातरी भिंतीचा ठिपका असतो. "पुस्तकावर नाव कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"पूर्ण?"

"पूर्ण, बाबा."

मग त्यांनी स्वच्छ झालेले हात पुन्हा एकदा धुतले.

आई दुकानाच्या स्वेटरच्या सुया चालवत होती. वर न बघता म्हणाली, "ती पळाली कशावरून?"

"आई, अहवालात छापलंय."

"मग झालंच," आई म्हणाली.

१६ जानेवारी

मालिकेतल्या तयार पाच कादंबऱ्या रोज रात्रीच्या जेवणाआधी एकेक करून वाचल्या. एक बाई फुग्यातून उडते, एक समुद्राच्या तळाशी बुडी मारते, एक पुरुषाच्या वेशात जहाज चालवते. एकीचं लग्न होतं म्हणून ती उडायचं थांबते. दोघी प्रियकरासाठी मरतात. साहस करावंसं वाटलं म्हणून साहस केलं, असं एकीच्याही बाबतीत नाही. मी माझ्या नायिकेवर असा अन्याय करणार नाही. माझ्या पुस्तकात प्रेम असेल, पण उदात्त असेल.

२२ जानेवारी

साखळीवालीची मुलगी जिवंत आहे! मोजणी खात्याच्या जुन्या निवृत्तिवेतनाच्या यादीवरून पत्ता मिळाला. चौथा मजला, अरुंद जिना, दाराला तीन कड्या. आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण ताठ. रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. दार किलकिलं करून त्यांनी हात पुढे केला.

"तिकीट?"

मी गोंधळले. "काय?"

"छापखान्यातून आलीस म्हणतेस, त्याचा कागद दाखव."

मी कागद दाखवला. तो त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला आणि मगच मला खुर्ची दिली. "चाळीस वर्षं लोकांची खोटी तोंडं पाहिली आहेत. तुझं खरं आहे. जरा जास्तच खरं आहे. जप."

आईबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. मोजणीनंतर आईने शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं. शाळेतल्या गोष्टीच्या पुस्तकात प्रमुख मोजणीदारांचा धडा होता. त्यात ही बाई तवा टाकून पळते आणि सगळा वर्ग हसतो. "मी त्याच वर्गात होते," आजी म्हणाल्या. "आई आम्हाला वाढायची. मुलं तवा वाजवायची."

"त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नाही कधी?"

"एकदाच. म्हणाली, मी वर जाऊन आले. बस." आजींनी पदर सारखा केला. "मी आठ वर्षांची होते. पुन्हा बोलणं झालं नाही."

निघताना त्यांनी पेटीतून मेणकापडात बांधलेली एक वही काढून दिली. मोजणीची वही. आईच्या सामानात होती. त्यांना त्यातलं काही कळत नाही, आकडेच आकडे. "घेऊन जा. पळाली असेल तर पळाली असं लिही, मला त्याचं काही नाही. पण रडवू नकोस तिला. ती रडणारी नव्हती."

२४ जानेवारी

वही! सुट्टी घेऊन सबंध दिवस तिच्यावर घालवला.

लांबट, अरुंद, वरच्या कडेला शिवलेली. प्रत्येक पानाच्या मधोमध दोन उभ्या रेघा, रेघांच्या मध्ये साखळ्यांचे आकडे. मोजणीची साखळी शंभर कड्यांची असते आणि साधारण पंचवीस-तीस पावलं लांब. रेघांच्या दोन्ही बाजूंना बारीक चित्रं: खडक, ओढा, एक वाकडं झाड. तारीख एकाही पानावर नाही.

पहिल्या पानावर, अगदी वर, आकडा आहे १३४ साखळ्या ६२ कड्या. शेजारी दोनच शब्द: 'पुढे उतार'. तिथून आकडे घटत जातात, १३३, १३२, १३१, आणि चौदा पानांनी शून्य होतात. शून्यापाशी लिहिलंय 'तिसरा तळ'. ही चौदा पानं गोल, शाळकरी अक्षरात आहेत. तिचं अक्षर! त्यानंतर तिरकं, सुबक अक्षर सुरू होतं. ते प्रमुख मोजणीदारांचं. त्यांच्या पहिल्याच पानावर शेरा आहे: 'ताप. मुक्काम वाढवला.' आणि मग त्यांची पानं उतरत उतरत गावापाशी संपतात.

सगळं लख्ख दिसलं. ती खिंडीपाशी घाबरली. 'पुढे उतार' लिहिलं आणि तळाकडे पळत सुटली. पण पळतानाही तिने मोजणं सोडलं नाही! तळ किती दूर राहिला ते मोजत राहिली, १३४ पासून शून्यापर्यंत. ते खिंड जिंकून परतले, थकव्याने तापले, तिने शुश्रूषा केली आणि मग वही त्यांच्या हाती सोपवली. आणखी एक गोष्ट. तिच्या प्रत्येक आकड्यापुढे तीन छोट्या रेघा आहेत. त्यांच्या पानांत त्या कुठेच नाहीत. माझ्या अंगावर काटा आला. तो, ती आणि दोघांतलं अंतर. दुसरं काय असणार?

आई विणता विणता माझ्या मागे येऊन उभी राहिली. "हे काय, नक्षीचा तक्ता?"

"मोजणीची वही आहे, आई."

"मग वरून काय वाचतेस? खाली शून्य आहे बघ. खालून सुरू कर की."

मी हसले. आई चौथीपर्यंत शिकली आहे, तिला सगळ्या चौकटींत स्वेटर दिसतो. म्हटलं, "पुस्तक वरून वाचतात, आई."

"पुस्तक वाचतात," आई म्हणाली आणि टाके मोजत आत गेली.

११ फेब्रुवारी

सकाळी पाच ते साडेसात लिहिते, मग छापखाना. नायिका आता दुसऱ्या तळावर आहे. तिला प्रत्येक आवाजाने दचकायला लावते आहे. त्याशिवाय पुढचं पळणं पटायचं नाही. पाऊल टाकण्याआधी ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहते.

आज मनात आलं, ती का गेली असेल मुळात? पैशासाठी म्हणावं, तर स्वयंपाकाचं काम खालीही होतं. मग लिहिलं: त्यांच्या डोळ्यांसाठी.

५ मार्च

बारावं प्रकरण झालं. पळण्याचं. लिहिताना मी इतकी रडले की बाबा शिडी खांद्यावर घेऊन दारातच थांबले. "कुणी काही बोललं का?"

"नाही बाबा, ती पळतेय."

"पडली तर नाही ना?"

१३ मार्च

प्रकाशकांनी वाचलं. मला खोलीत बोलावलं आणि रुमाल दाखवला. ओला होता! मग म्हणाले, "हे बारावं प्रकरण. अगं, पन्नास वर्षं या धंद्यात आहे. असं एखादंच हाती येतं." मुखपृष्ठही तयार आहे: वाऱ्यावर उडणारे केस, मागे वळलेला चेहरा, गालावर थेंब.

आजींनी रडवू नकोस म्हटलं होतं ते आठवलं. पण आजींना कादंबरीची गरज कळत नाही.

बाबांनी आज ज्या ज्या घरात रंग दिला त्या त्या घरात सांगितलं. एका बाईंनी म्हणे विचारलं, तुमची मुलगी काय करते? "पुस्तक," बाबा म्हणाले.

९ एप्रिल

छपाई सुरू. सोळा पानांचा एक फर्मा, असे चौदा फर्मे, साधारण प्रकरणाला एक. आठवड्याला पाच उतरतात. स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं स्वतःच तपासण्यात एक चमत्कारिक सुख आहे. एकही चूक सापडत नाही. याचा अर्थ मी चुकत नाही असा नव्हे, हे धंद्यामुळे ठाऊक आहे, तरी.

१९ एप्रिल

जसं घडलं तसं लिहिते.

आईला दुकानाने बारा स्वेटर एकदम दिले आहेत, छातीवर हरणांची नक्षी. तिचे डोळे थकले म्हणून मी म्हटलं, तक्ता मी वाचते, तू वीण. चौकटीचा कागद, काळी घरं म्हणजे तपकिरी लोकर. मी वाचू लागले: चार पांढरे, एक तपकिरी, तीन पांढरे, एक तपकिरी... आईने सहा ओळी विणल्या, विणलेलं दिव्यासमोर धरलं आणि कपाळावर हात मारला.

"कुठून वाचतेयस?"

"वरून."

"अगं, शिंगं पोटाखाली आली! तक्ता खालून वर वाचतात, किती वेळा सांगायचं? वीण खालून वर जाते ना? मग कागदही तसाच. वरून वाचलंस तर हरीण खड्ड्यात पडेल!"

मी हसायला गेले आणि हसू अर्ध्यावर राहिलं. उठून मेणकापड सोडलं. वही उलटीकडून उघडली. शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी: 'गाव. ०.' तिथून आकडे वर चढत जातात. पान संपलं की मागचं पान, पुन्हा खालून वर. तिरकं, सुबक अक्षर गावापासून निघतं, पहिला तळ, दुसरा तळ, तिसरा तळ. तिथे 'ताप. मुक्काम वाढवला.' आणि ते अक्षर थांबतं. पुन्हा कधीच येत नाही.

त्यानंतर शून्य. गोल अक्षर. एक साखळी, दोन, तीन... एकशे चौतीस साखळ्या, बासष्ट कड्या. पुढे उतार.

खिंडीवरून पुढे उतारच असणार. पलीकडचा.

आई शिंगं उसवत होती. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

२० एप्रिल

खात्री केली. वाचनालयात मोजणीचं जुनं नियमपुस्तक आहे. आजवर ते मागून घ्यायची बुद्धी मला झाली नाही. लिहिलं आहे: वही शेवटच्या पानाच्या तळापासून भरावी, म्हणजे चालणाऱ्याच्या पुढची वाट कागदावरही त्याच्या पुढेच राहते. प्रत्येक मोजणीदाराला हे पहिल्या दिवशी शिकवतात. मला विद्यापीठाची पदवी आहे.

तो तापाने तळावर पडून होता. खिंड तिने मोजली. अहवाल त्याने लिहिला.

२३ एप्रिल, रविवार

एक शंका राहिली होती आणि ती बाबांनी काढली. "एकटीने? आणि साखळीचं दुसरं टोक कोण धरणार?"

खरंच. साखळीला दोन माणसं लागतात, एक पुढे आणि एक मागे. वर ती एकटीच होती. मग आम्ही दोघं बाबांच्या शिडीची दोरी घेऊन शाळेच्या रिकाम्या मैदानावर गेलो. बाबा बाजूला बसून राहिले; मदत करायची नाही असं ठरलं होतं.

मी दोरीचं टोक पायाखाली ठेवून पुढे निघाले की टोक सरकायचं. चार वेळा फजिती झाली. बाबांना राहवेना. "अगं, खिळा ठोक की! मी एकटा भिंतीवर सूत धरतो तेव्हा काय करतो?"

खिळा ठोकला. टोक अडकवलं, दोरी घेऊन पुढे गेले, ताणून तिथे खूण केली. आता मागचा खिळा काढायला परत यायला हवं. परत आले. खिळा काढला, पुन्हा पुढच्या खुणेपर्यंत गेले. एक साखळी.

"किती वेळा चाललीस ते अंतर?" बाबांनी विचारलं.

"जाताना एक, परत एक, पुन्हा..." आणि मी तिथेच मातीत बसले.

तीन. प्रत्येक आकड्यापुढे तीन छोट्या रेघा. चुकू नये म्हणून ती खुणा करत होती: गेले, आले, गेले. आणि मी त्यात प्रियकर बसवला होता.

म्हणजे ती वाट ती तीनदा चालली. बर्फात, चढावर, एकशे चौतीस वेळा वाकून खिळा ठोकला आणि एकशे चौतीस वेळा तोच खिळा काढायला मागे आली. ठोकळ अंदाजाने आकडा लिहिला असता तर कुणी विचारणार नव्हतं. तिने बासष्ट कड्यासुद्धा सोडल्या नाहीत. वर पोचल्यावर जयघोष नाही, देवाचं नाव नाही, स्वतःचं नाव नाही. पुढची वाट कशी आहे ते मागून येणाऱ्याला सांगितलं आणि वही मिटली. माझ्या चौदा प्रकरणांत मी तिच्यासाठी जेवढे शब्द वापरले, त्यांतल्या एकाला या दोन शब्दांची सर नाही.

मी सपाट मैदानावर बारा दोऱ्या मोजल्या आणि धापा टाकत थांबले. बाबा म्हणाले, "बाईमाणूस कसलं, ते यंत्र असणार." मग स्वतःच म्हणाले, "नाही. यंत्र थांबलं असतं."

रात्री जेवताना मी आईला सगळं नीट समजावून सांगितलं: वही खालून वर कशी असते, ते माझ्या कसं लक्षात आलं.

"हो का? लक्षात आलं का तुझ्या?" आई म्हणाली. "बरं झालं बाई."

तिलाही फार आनंद झालेला दिसला.

२४ एप्रिल

प्रकाशकांनी शांतपणे ऐकलं. वही उलटीसुलटी करून पाहिली.

"हुशार आहेस," ते म्हणाले. "पण हे बघ, आपण इतिहास छापत नाही. कादंबरी आहे. कादंबरीत चालतं."

"सर, पळालेल्या माणसाला कादंबरीत कारण द्यायला चालतं. ती पळालीच नाही."

"बाराव्या प्रकरणावर मी रडलोय!"

"मीही रडले होते, सर. आपण दोघं उलट्या वहीवर रडलो."

ते हसले. मग पेन्सिलीने टेबलावर टकटक करत म्हणाले, "अकरा फर्मे छापून झालेत. तीन राहिलेत. ते बदल. ती वर जाते, खिंड मोजते, शाब्बास. दहा दिवस देतो."

"आणि आधीची अकरा प्रकरणं?"

"ती छापलीत म्हटलं ना. त्यांत वाईट काय आहे?"

वाईट काही नाही. वाक्यं चांगली आहेत. पण त्या अकरा प्रकरणांतली बाई पानाच्या सळसळीला दचकते, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाही. तीच बाराव्यात एकटी खिळा ठोकत निघाली, तर वाचणारा म्हणणार, प्रेमाने बळ दिलं. म्हणजे खिंड पुन्हा त्याचीच.

"नाहीतर सगळं काढून घे," प्रकाशक म्हणाले. "मालिका पाच पुस्तकांची होईल. पुन्हा संधी देईनच, असं मात्र धरून चालू नकोस. मी म्हातारा माणूस आहे, खोटा शब्द देत नाही."

तीन दिवसांत सांगते म्हटलं.

२५ एप्रिल

खरं लिहायचं तर मला ते पुस्तक हवं आहे. माझ्या घरात छापलेलं नाव असलेली एकच गोष्ट आहे, माझं पदवीचं प्रमाणपत्र, आणि तेही बाबांनी फ्रेम करून इतकं वर लावलंय की वाचता येत नाही. तीन प्रकरणं बदलली तर कुणाचं काय बिघडणार आहे? खिंड तर तिला मिळतेच. थोडी उशिरा, थोडी डळमळत, पण मिळते.

हे वाक्य पाच वेळा वाचलं. प्रुफातली चूक पाचव्यांदाही न दिसावी तसं झालंय.

२६ एप्रिल

आजींकडे गेले. या वेळी त्यांनी तिकीट विचारलं नाही. माझा चेहरा पाहून दार सबंध उघडलं.

मी वही त्यांच्या मांडीवर उलटी उघडून ठेवली आणि सांगितलं. त्यांनी एकदाच थांबवलं. "म्हणजे हे तापात पडलेलं अक्षर साहेबांचं. आणि हे आईचं?"

"हो."

"साहेबांचं अक्षर याच्यावर कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"वाच."

"सगळे आकडे?"

"मग काय अधलेमधले? वाच शून्यापासून."

मी वाचू लागले. एक साखळी, डावीकडे खडक. दोन साखळ्या. तीन, उजवीकडे ओढा, गोठलेला. आजी डोळे मिटून बसल्या होत्या. प्रत्येक आकड्याला त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर तीनदा आपटत होतं. चाळीसच्या पुढे झाडं संपली. सत्तरच्या पुढे दोन्ही बाजू कोऱ्या, नुसते आकडे. एकशे अकराला तिने आधी एक आकडा लिहून खोडला होता आणि पुन्हा लिहिला होता, तिथे आजी म्हणाल्या, "थांब." आम्ही थांबलो. खालून फेरीवाल्याचा आवाज आला, गेला. "हं. चल."

एकशे चौतीस साखळ्या, बासष्ट कड्या. पुढे उतार.

आजींनी डोळे उघडले. "मी तिला खोटारडी म्हटलं होतं. सगळ्या वर्गासमोर. ती भात वाढत होती. म्हणाली नाही काही. माझ्या ताटात वाढलं आणि पुढच्या मुलीकडे गेली." मग त्या म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं तपासली. घरातलं खरं तिकीट पेटीत पडून होतं."

त्या रडल्या नाहीत. मीही नाही, कसंबसं.

"तुला कळलं कसं पण हे?"

"आलं लक्षात, आजी."

मग मी पुस्तकाचं सांगितलं: अकरा छापलेली प्रकरणं, तीन बदलायची, दहा दिवस. विचारलं, काय करू?

आजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेपुढे चालत्या गाडीत शेकडो लोक खिसे चाचपत उभे राहिले असतील. "अर्ध्या तिकिटावर सबंध प्रवास?" त्या म्हणाल्या. "मी असते तर पुढच्या स्टेशनवर उतरवलं असतं."

२७ एप्रिल

काढून घेतलं.

प्रकाशकांनी दोनदा विचारलं, "नक्की?" दोन्ही वेळा हो म्हटलं, दुसऱ्या वेळी जरा हळू. त्यांनी मुखपृष्ठाचा नमुना खणात ठेवला. "पाच पुस्तकं मग." मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "ती पाचवी, जहाजवाली, तिची प्रुफं तुझ्या टेबलावर आहेत. तिच्याही वह्या कुठे सापडतात का बघू नकोस आता. तेवढी दया कर."

घरी बाबांना सांगताना त्यांच्याकडे पाहवलं नाही. ते म्हणाले, "छापलेल्या अकरांचं काय होतं?"

"रद्दीत जातात, बाबा."

बाबांनी मान हलवली.

७ मे

आज रविवार असूनही बाबांना काम होतं, आणि मी शिडी धरायला गेले. एका रिकाम्या घराची मोठी खोली, पांढरा रंग. आत शिरले तर फरशीभर माझं पुस्तक पसरलेलं. बाबांनी छापखान्यातून रद्द फर्मे मागून आणले होते, खाली रंग सांडू नये म्हणून. मोठाले, न कापलेले कागद. काही पानं उलटी, काही सुलटी. खिडकीखाली ती दचकत होती, दारापाशी त्याच्या डोळ्यांत पाहत होती.

बाबा शिडीकडे जाताना कागदांच्या कडेकडेने चालत होते, भिंतीला चिकटून, एका पायावर तोल सांभाळत. कागद पसरले होते पायांसाठीच, आणि त्यांच्यावर पाय ठेवायला ते तयार नव्हते.

"बाबा, पडाल."

"तू लिहिलंयस."

"चुकीचं लिहिलंय, बाबा."

"म्हणून काय झालं? अक्षरं आहेत."

मी चपला काढल्या आणि कागदाच्या मधोमध जाऊन उभी राहिले, बहुतेक सातव्या प्रकरणावर. शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले. "या," म्हटलं. "नवीन सुरू केलंय मी. चार पानं झाली."

"चारच?"

"चारच. यात ती दचकत नाही, त्यामुळे वेळ लागतोय."

बाबांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग खाली वाकून आधी बोटांनी कागदाला शिवून हात कपाळाला लावला, आणि आले, जपून, ओळींवरून, माझ्यापर्यंत. शिडी चढायला लागले. रंगाचा पहिला थेंब माझ्या पायापाशी पडला आणि पसरला. मी शिडी सोडली नाही.